दोन्ही घरचा पाहुणा

१४ ऑक्टोबर

फितुरी! आमच्या हॉल्मविकमध्ये फितुरी! दुपारपासून हाच शब्द तोंडात आहे. बायकोसमोर चार-पाचदा बोलून झाला, तरी पोटातला जाळ शमेना, म्हणून आता वहीत ओततो.

गावामागची दलदल नॉर्थमॉस कंपनीला हवी आहे. शेवाळ वर्षानुवर्षं कुजून तिथं जी मऊ तपकिरी माती झाली आहे, ती खणायची, वाळवायची आणि पिशव्यांत भरून शहरातल्या लोकांच्या कुंड्यांसाठी विकायची. जी जागा आजवर फक्त डास पोसत आली, तिच्यातून आता चाळीसेक घरांत पगार येणार. शाळेत पोरं इतकी थोडी उरली आहेत की बाई हजेरी न घेताच सांगतात कोण आलं नाही. आमची क्रिस्टीन नवऱ्याबरोबर शहरात गेली ती नाताळलाच उगवते. ग्रामपालिकेचा अध्यक्ष म्हणून मी या कंपनीच्या किती मागे लागलो ते माझं मला ठाऊक. परवानगी द्यायची ती आमच्या प्रांतानं. जमीन प्रांताची, पाणी प्रांताचं. ओटावाच्या केंद्र सरकारचा इथं संबंध काय?

आणि आज ओटावाहून फोन! आमच्या गावातल्याच कुणीतरी मागणी केली आहे म्हणे, की या कामाची पर्यावरण तपासणी प्रांतावर न सोडता केंद्रानं करावी. नाव विचारलं तर म्हणतात, सांगता येत नाही. मी पाणी प्यायलो, परत फोन केला, परत तेच. ओटावावाल्यांचा एकदा चंचुप्रवेश झाला की मुसळ आत यायला वेळ लागत नाही. कंपनी कंटाळून दुसऱ्या गावी जाईल आणि आम्ही बसू हात चोळत.

कोण असेल? माझा संशय स्टेफान ओडलेफसनवर. निवृत्त मास्तर, हाताला काम नाही, वर्तमानपत्राला पत्रं लिहिण्याची खोड.

'आपल्याच ताटात जेवलेला हा माणूस!' मी रूनाला म्हटलं.

'तुझी कॉफी निवली,' ती म्हणाली. मी साखरेचा खडा दातांत धरला आणि तशीच प्यायलो.

१७ ऑक्टोबर

नॉर्थमॉसचे प्रुइट आज जेवायला होते. रूनानं पिकरेल मासे तळले होते, वर विनारतेर्ता, म्हणजे आलुबुखाराचा थराथरांचा केक. प्रुइटनी त्याचे थर मोजून खाल्ले. रीतीप्रमाणे सात भरले, घराची लाज राहिली.

जेवणाआधी रूनानं त्यांना ओढ्याकाठची शेड दाखवली. इमारत ग्रामपालिकेची, कारभार सगळा हिचा. वसंतात बर्फ फुटला की कोळी मंडळी ओढ्याच्या तोंडाशी पिकरेल धरून आणतात. रूना मादीच्या पोटावरून अंगठा फिरवून अंडी काढते, त्यांत नराचा पांढरा रस मिसळते, हंसाच्या पिसानं हलकेच ढवळते आणि उंच काचेच्या बरण्यांत घालते. ओढ्याचं पाणी नळीनं बरण्यांतून खेळत राहतं. तीनेक आठवड्यांत पापणीच्या केसाएवढी पिल्लं निघतात, ती गावापुढच्या सरोवरात सोडायची. आमच्या जाळ्यांत जे सापडतं त्यातलं बरंचसं या बरण्यांतून गेलेलं असतं. गाव त्यावर तगलं आहे हे मी नाकारत नाही. पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

जेवणानंतर प्रुइटनी अडचण सांगितली. काम ठरावीक आकाराच्या वर गेलं की प्रांत उघडी सुनावणी घेतो आणि त्यात दोन वर्षं जातात.

मी म्हटलं, 'मग दलदल एक आहे असं कशाला म्हणायचं? मधून रस्ता जातो. ही पूर्व दलदल, ती पश्चिम दलदल. दोन लहान कामं, दोन अर्ज.'

प्रुइट माझ्याकडे बघतच राहिले. 'हर्मन, तुम्ही आमच्याकडे नोकरीला का नाही?'

खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

'आणि पाणी कुठे जाणार?' रूनानं विचारलं.

'कुठलं पाणी?'

'दलदल सुकवायची तर चर खणणार ना? त्या चरांतलं.'

'ते नियमाप्रमाणे जाईल, मिसेस आयोल्फसन.'

'पाण्याला वाचता येतं का?'

प्रुइट हसले, मीही हसलो. रूना ताटं उचलून आत गेली. तिचा विनोद कधीकधी फार छान असतो.

२ नोव्हेंबर

एक आनंदाची गोष्ट. इतक्या वर्षांनी रूना माझ्या कामात रस घेऊ लागली आहे. चर किती खोल, किती रुंद, ओढ्याला नेमके कुठे मिळणार, सगळं विचारते. मी नकाशा टेबलावर पसरून तासभर समजावलं. तिनं शिवणाची टेप आणून अंतरंसुद्धा मोजली. माझ्या ग्रामपालिकेतल्या एकाही सदस्यानं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही.

उद्या ती परत शहरात जाते आहे. क्रिस्टीनला सध्या आईची फार गरज दिसते.

२२ नोव्हेंबर

काल प्रांताच्या खात्यातल्या टेरेन्सचा फोन आला. म्हणाला, 'दोन्ही कामं लहान आहेत, कागदावरच मंजुरी देतो. तसंही ओटावावाले बघतायत ना? मग आम्ही परत तेच कशाला बघायचं?'

ओटावावाले अजून काहीच बघत नाहीत, नुसते बघायचं का याचा विचार करताहेत, हे मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, 'तुमचंही बरोबर आहे.'

आज ओटावाहून एका बाईंचा फोन. शांताल बोलन त्यांचं नाव. आवाज गोड, प्रश्न टोचरा: 'प्रांत तपासणी करतोय का? तुमच्या ग्रामपालिकेकडून लेखी कळवाल?' मी शिक्क्यानिशी पत्र तयार केलं. 'प्रांत सरकार या कामाकडे बारकाईने लक्ष देत आहे.' यात खोटं काही नाही. टेरेन्सचं लक्ष होतं म्हणूनच तर त्यानं फोन केला. 'बारकाईने' हा शब्द जरा जड झाला. खोडावा असं दोनदा मनात आलं.

रूना टपालाकडे निघाली होती, तिच्याकडेच पाकीट दिलं. पत्ता वाचून ती दारात थबकली.

'हेच टाकायचं ना? नक्की?'

'हेच.'

'उघडून परत वाचायचंय का तुला?'

'अगं, शिक्का मारलाय मी.'

ती गेली. टाकलं तिनं. मी खिडकीतून बघत होतो, पेटीपाशीही बराच वेळ उभी होती. गार वारं सुटलं होतं, उगाच सर्दी व्हायची.

१२ डिसेंबर

जिंकलो! ओटावाचं उत्तर आलं: प्रांत लक्ष देत असल्यानं केंद्र यात पडणार नाही.

हॉलमध्ये फिडल वाजलं, लोक नाचले, मला कुणीतरी खुर्चीसकट उचललं. रूना आली नाही, दात दुखतो म्हणाली. परतताना शेडमध्ये दिवा दिसला. आत ती रिकाम्या बरण्या घासत होती.

'या थंडीत? अंडी यायला चार महिने आहेत.'

'हात रिकामे नकोत,' ती म्हणाली.

दात चांगलाच दुखत असावा, डोळे लाल होते. डॉक्टरकडे जा म्हटलं.

२० जानेवारी

आज मान खाली घालायची वेळ आली.

दलदल गोठून दगड झाली आहे, त्यामुळे यंत्रं आत उतरली आणि चर भराभर पुढे सरकताहेत. मी खुशीत होतो. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या सामन्याला गेलो तर समोरच्या संघात स्टेफान. आमच्याकडे खेळाआधी हात मिळवतात. शेजाऱ्यांचं कोर्टात चालू असलं तरी मिळवतात. मी मिळवला नाही.

बर्फावर सगळे वळून बघू लागले.

'हात का आखडलास रे?' स्टेफाननं विचारलं.

'ओटावाला विचार.'

'मला म्हणतोयस? अरे बाबा, माझा पोरगा तिथे खोदयंत्र चालवतो! मी त्याच्या पोटावर पाय देईन होय?'

तीन महिने मी या माणसाला चारचौघांत नावं ठेवत होतो. हात मिळवला, माफी मागितली, खेळ संपल्यावर बिअर पाजली. तो मोठ्या मनाचा, प्यायला.

पण मग कोण? दलदलीची एवढी माहिती गावात आहे कुणाला? घरी येऊन रूनाला विचारलं.

'तुझ्या जवळचंच कुणीतरी असेल,' ती म्हणाली.

बरोबर आहे तिचं. उद्यापासून ग्रामपालिकेच्या कारकुनावर नजर ठेवणार.

२४ एप्रिल

बर्फ फुटला. यंदा मासा मुबलक, बरण्या गळ्यापर्यंत भरल्या आहेत. जिवंत अंडं मधाच्या रंगाचं असतं. शेडमध्ये ऊन येतं तेव्हा सगळी भिंत उजळते. मी फारसा तिकडे जात नाही, पण यंदा गेलो आणि बराच वेळ बघत राहिलो.

रूना म्हणाली, 'पिल्लं निघेपर्यंत चरांची तोंडं बंद ठेवायला सांग त्यांना. एवढंच सांग.'

एवढंच ना! अध्यक्षाला काय अवघड आहे? फोन उचलला.

प्रुइट: 'हर्मन, परवानगीत तशी अट नाही. चरांना दारंच बसवलेली नाहीत.'

टेरेन्स: 'लहान कामांना आम्ही अटी घालत नाही. आणि मासे म्हणाल तर ते ओटावाचे. त्यांना विचारा.'

शांताल बोलन: 'पाणी प्रांताच्या ताब्यात आहे. आम्ही यात पडलो नाही ते तुमच्याच पत्रावरून. बारकाईने लक्ष आहे असं तुम्ही लिहिलं होतं.'

मी फोन ठेवला. म्हणजे कुणीच नाही? दोन सरकारं, त्यांच्या एवढाल्या कचेऱ्या, आणि त्या चराच्या तोंडाशी येऊन एकही माणूस उभा राहिलेला नाही? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. याला वाटलं तो तिकडे जेवला, त्याला वाटलं इकडे. आणि पाहुणा जेवून आलाय असं दोन्ही घरांत सांगणारा मी.

हे लिहून पेन ठेवलं आणि शेडमध्ये रूनाकडे गेलो. तिला म्हटलं, 'बघतो म्हणालेत.'

'कोण?'

'दोघंही.'

ती बरण्यांकडे वळली. एवढंच म्हणाली, 'ऊन बेतानं पडू दे आता.'

३ मे

ऊन बेतानं पडलं नाही. दलदलीतला सगळा बर्फ दोन-तीन दिवसांत वितळला आणि सकाळी ओढा काळ्या कॉफीसारखा वाहत होता.

मी धावलो. या वयात, बुटांची नाडी न बांधता धावलो. शेडमध्ये बरण्यांतलं पाणी गढूळ, खाली बोटभर गाळ, आणि गाळात अंडी. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ओळीच्या ओळी पांढऱ्या. लाखो.

रूना कोपरांपर्यंत चिखलात होती. पहाटेपासून ती एकेक बरणी ओढ्याच्या नळीवरून सोडवून विहिरीच्या टाकीला जोडत होती. टाकी लहान. चार बरण्या वाचल्या.

'रूना,' मी म्हटलं. सांत्वन करणारा मी कोण?

'बादली,' ती म्हणाली. मी दिवसभर विहिरीवरून बादल्या आणल्या.

५ मे

अंडी मेल्याचं कळून आज दोन गाड्या आल्या. एक प्रांताची, एक केंद्राची. मुलाच्या लग्नातही माणसं अशी एकाच वेळी येत नाहीत.

शांताल बोलन गाडीतून उतरल्या आणि मला ओलांडून सरळ रूनाकडे गेल्या, दोन्ही हात धरले. 'शेवटी भेट झाली! किती वेळा बोललो आपण! शहरात तुम्ही आमच्या लोकांना भेटलात, त्यांना तुमचा अर्ज अजून आठवतो. चरांची मापंसुद्धा किती नेमकी!'

मापं! माझ्या टेबलावर, माझ्या नकाशावरून, शिवणाच्या टेपनं! मी रूनाकडे बघितलं. तिनं नजर चोरली नाही. चोरायची होती ती मी.

आणि तिनं माझं ते पत्र स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं होतं.

मला वाटलं, यापुढे आज कशाचाच धक्का बसणार नाही. पण टेरेन्स आणि शांताल बाई शेडच्या दारात भांडायला लागले. तो म्हणाला, ओढा प्रांताचा, अंडी उबवण्याचा परवाना प्रांताचा, तपास प्रांताचा. त्या म्हणाल्या, अंडी म्हणजे मासे, मासे केंद्राचे, तपास केंद्राचा. जिवंत होती तोवर ज्यांना कुणी वाली नव्हता, त्यांना मेल्यावर दोन मालक मिळाले. शेवटी दोघांनी आपापलं सील दारावर लावलं. एक निळं, एक लाल. आत कुणी जायचं नाही, पुरावा आहे.

'आत चार बरण्या जिवंत आहेत,' रूना म्हणाली. 'मेलेली अंडी रोज नळीनं वेचून काढावी लागतात. नाही काढली तर बुरशी जिवंतांना खाते. टाकीही भरावी लागते.'

'दोनेक आठवड्यांत ठरेल तपास कुणाकडे जातो ते,' टेरेन्स म्हणाला.

'पिल्लं या आठवड्यात निघतील.'

शांताल बाई लाल झाल्या. 'मी वर विचारते,' म्हणाल्या. दोन्ही गाड्या गेल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, 'मला सांगितलं का नाहीस?'

'सांगितलं असतं तर काय केलं असतंस?'

मी प्रामाणिकपणे विचार केला. 'ओटावाला उलट पत्र लिहिलं असतं.'

'ते लिहिलंसच.'

मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला दोनदा रडताना बघितलं आहे, दोन्ही वेळा कुणीतरी गेलं होतं. मी जवळ गेलो तर हात वर करून तिनं थांबवलं. मला तिचा राग आला नाही. वाटलं होतं येईल. मला माझी लाज वाटली, आणि भीती वाटली की ही बाई आता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलेल.

६ मे

आज रविवार. चर्च सुटलं, लोक रस्त्यावर होते. मी पक्कड घेऊन सगळ्यांच्या देखत शेडकडे चालू लागलो. इमारत ग्रामपालिकेची आहे आणि ग्रामपालिकेचा अध्यक्ष मी आहे. आजवर या खुर्चीचा उपयोग मी लोकांना इथून तिथे पाठवायला केला.

निळं सील तोडलं.

'हर्मन! अरे दंड होईल!' स्टेफान ओरडत मागून आला. 'नाहीतर तुरुंग!'

'कुणाचा तुरुंग ते त्यांना ठरवू दे आधी. तोवर पिल्लं निघतील.'

लाल सील तोडलं. कुणीतरी हसलं, मग कुणी हसलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं की सीलं मी तोडली, दलदलीचे दोन तुकडे करायची अक्कल माझी होती, आणि ओटावाला ते पत्रही मीच लिहिलं. स्टेफानच्या पोराची मान खाली गेली. त्याचा काही दोष नव्हता, त्याला मी तसं सांगितलं.

रूना गर्दीतून पुढे आली, माझ्याकडे न बघता आत गेली. मी उंबऱ्यावर थांबलो. टाकी तळाला गेली होती. चारांतल्या दोन बरण्या पांढऱ्या पडल्या होत्या. उरलेल्या दोन तिनं उजेडाकडे धरल्या आणि बराच वेळ बघितल्या. मग नळी उचलली आणि मेलेली अंडी एकेक वेचायला लागली.

'सीलं तोडलीस,' तिनं पाठमोऱ्यानंच म्हटलं. 'कुणाला विचारलंस?'

'कुणालाच नाही.'

'हं.'

माझ्या मागे गाव उभं होतं.

'आता विचारतो,' मी म्हटलं. 'रूना, आत येऊ का?'

ती बरणी पुरी होईपर्यंत वेचत राहिली. मग दुसऱ्या बरणीसमोरून थोडी बाजूला सरकली, एक माणूस उभा राहील इतपत.